बोंडूचा मध

काजूचे बोंडू पिकून झाडाखाली पडायला लागले की त्यांचा वास सुटतो. तो म्हणे लोकांना गोड वाटतो. वाटो बापडा! मला तो वास आला की पोटात ढवळून येतं आणि मी पदर नाकाला लावून चालू पडते. घरातल्या सुना हसतात. हसोत मेल्या. त्यांनी बोंडूचा मध केलेला नाही, चाखलेला नाही, आणि त्याच्यापायी आमच्या अक्काचं लग्न भर मांडवात कसं लोंबकळलं तेही पाहिलेलं नाही.

मध म्हणते आहे, पण माशीचा नव्हे. हा आमच्या अण्णांचा मध. अण्णा म्हणजे आमचे वडील, रत्नागिरीच्या कोर्टातले वकील. गावाच्या कडेला आमचं घर, आणि मागे कातळाचा चढ, त्यावर काजूची झाडंच झाडं. घरात अण्णा, आई, माझ्याहून पाच वर्षांनी मोठी अक्का आणि मी. ही गोष्ट माझ्या परकरातल्या वयाची, इंग्रजांच्या राज्यातली.

तेव्हा खरा मध बाटलीत भरून दुकानात मिळत नसे. डोंगरातला एक म्हातारा पोळं काढायचा, पानांत गुंडाळून टोपलीतून आणायचा, आणि आमच्या खळ्यात, म्हणजे पुढल्या अंगणात, बसून, आमच्याच पातेल्यावर, फडक्यात घालून हातांनी पिळायचा. पोळ्यात मध असे तशा अळ्याही असत. पांढऱ्या, गुबगुबीत. पिळलं की त्या फुटायच्या आणि मधाच्या धारेत पांढरट चीक उतरायचा. आम्हाला त्याचं काही वाटत नसे. आई दोनदा गाळून, उन्हात ठेवून, वर आलेला फेस काढून टाकी आणि बरणी भरे. अण्णांना मध पंचामृतात दिसे, तेवढाच त्यांचा त्याच्याशी संबंध.

एकदा सणाचा दिवस होता. अण्णा सोवळं नेसून पूजेला बसले आणि वाटीत मध नाही म्हणून स्वतःच उठून खळ्यात आले. म्हातारा नेमका तेव्हाच पिळत होता. त्याच्या बोटांमधून एक अळी अर्धी बाहेर आली होती आणि वळवळत होती. अण्णांनी ती पाहिली, आणि तुळशीपाशीच ओकले. पुन्हा अंघोळ केली, पूजा मधाशिवाय उरकली आणि ओटीवर येऊन जाहीर केलं, "या घरात यापुढे मध येणार नाही. पोरांना चिरडून त्यांच्या तोंडचं अन्न देवाला घालायचं? शी!"

खरं सांगते, मला ते पटलं होतं. मीही त्या दिवशी नीट पाहिलं आणि मलाही मळमळलं. अण्णांनी तिथेच थांबायचं ना! भटजी म्हणाले होते, मधाऐवजी गूळ चालतो, शास्त्राला हरकत नाही. पण अण्णांना 'चालतो' हा शब्दच खपत नसे. "चालवून घेणारे तुम्ही," म्हणाले, "देवाला मध म्हणजे मधच. माशी फुलातून गोडी घेते, आपण फळातून घेऊ. मध्ये माशी कशाला?"

झालं! त्या दिवसापासून आमच्या चुलीला चैन पडेना. आधी करवंदं आटवली. त्याचा काळा डिंक झाला, पळी त्यातच रुतून बसली आणि पातेलं कायमचं बाद झालं. मग बरका फणस आला. त्या वेळी घरात इतक्या माश्या झाल्या की आई भातावर एका हाताने पंखा मारी आणि दुसऱ्या हाताने वाढी. फणसाचा मध दोन दिवस बरा दिसला, मग त्याला तार सुटली, लाळेसारखी. अण्णांनी तो रोजच्या ताकात घालून पाहिला. ती चव मी आजतागायत विसरलेले नाही, आणि विसरायची सोयही नाही.

शेवटी त्यांची नजर बोंडूवर गेली. बोंडूला तेव्हा कोण विचारत होतं? बी पिरगळून घ्यायची आणि बोंडू झाडाखाली टाकून द्यायचा. सगळा चढ लाल-पिवळ्या बोंडूंनी भरलेला असे, गुरं खात, उरलेले सडत. अण्णांना तर साक्षात्कार झाला. "हे बघा, देवाने आपल्या दारात मधाचा डोंगर ठेवलाय आणि आपण तुडवत चाललोय!" आपण तुडवत चाललोय म्हणे! तुडवत होतो आम्ही, अनवाणी. अण्णा त्या चढावर कधी गेले नाहीत.

आता तो मध कसा व्हायचा ते सांगते, म्हणजे माझा संताप कळेल. सकाळी उन्हं व्हायच्या आत अक्का आणि मी टोपल्या घेऊन चढावर जायचो. रात्री पडलेला बोंडू वरून लालबुंद दिसतो, पण उचलला की खालची बाजू बोटांत येते, मऊ, ओली, आणि तिच्यात मुंग्या. बी पिरगळून काढायची. एखादी ओली बी फुटली की तिचं तेल हाताला लागायचं आणि कातडं सोलून निघायचं. खाली आणून धुवायचे, मोठ्या काथवटीत घालून हातांनी चिरडायचे. रस अंगावर उडला की कपड्याला डाग पडला तो पडला, धुवून जायचा नाही. माझे सगळे परकर डागांचे होते आणि शाळेत पोरी मला बघून नाकं मुरडायच्या. अंगाला वास येतो म्हणायच्या. येतच होता.

तो रस घसा धरतो, नुसता प्यायला तर जीभ खरखरीत होते. आईने आपल्या डोक्याने शोधून काढलं होतं की त्यात भाताची पेज ओतली की तुरटपणा गोठून खाली बसतो. राखाडी, शेंबडासारखा गाळ! तो फडक्यातून गाळायचा. मग चुलीवर आटवायचा, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत. वर सारखा फेस यायचा आणि तो काढायचा. उकळत्या बोंडूचा वास कसा असतो? ओला बोकड आणि आंबलेली कांजी एकत्र शिजवली तर कसा येईल तसा. तो केसांत बसायचा. अंथरुणात यायचा.

आणि मधमाश्या! ज्यांचा जीव वाचवायचा म्हणून हा सारा उपद्व्याप, त्या गोड वासाला मागल्या दारी थव्याने यायच्या आणि पातेल्यात पडून मरायच्या. ओंजळी भरभरून मेलेल्या माश्या आईने गाळल्यात. तो म्हातारा पोळी काढताना उभ्या वर्षात जेवढ्या माश्या मारत नसेल तेवढ्या आम्ही एका दुपारी मारत होतो. एकदा आईने त्यांना ते सांगितलं. अण्णा म्हणाले, "मग झाकण ठेवत जा." झाकण ठेवून रस आटत नाही, हे त्यांना सांगायला आई पुन्हा गेली नाही.

तयार मध अण्णा स्वतः बाटल्यांत भरत. गाळून, निवळून त्याला रंग मात्र खरंच सुरेख यायचा, मान्य करते. चव? आधी गोड, मग जुन्या पेटीतल्या कापडासारखी, आणि मग घशात असं काही धरायचं की पाणी प्यायलं तरी उतरत नसे. जेवताना अण्णा पळी घेऊन पंक्तीत फिरत. "हात पुढे कर," म्हणायचे, तळहातावर ओतायचे आणि स्वतःच म्हणायचे, "अमृत आहे अमृत!" आम्ही चाटायचो. पाहुणे चाटायचे. पक्षकार तर बिचारे दोनदा चाटायचे, खटला चालू असेपर्यंत. शेजारणी बाटली घरी नेत आणि गुरांच्या आंबोणात ओतत. एकीची म्हैस तेही खाईना, हे तिने आईला मागल्या दारी हळूच सांगितलं आणि दोघी तोंडाला पदर लावून हसल्या. पण अण्णांसमोर सगळं गाव "वा, वकीलसाहेब!" करत होतं. मला त्या मधाची किळस होतीच, पण त्या वा-वाची त्याहून जास्त यायची.

अशी वर्षं गेली आणि अक्का लग्नाची झाली. झाली म्हणजे काय, तेव्हाच्या मानाने उलटूनच चालली होती. दोन स्थळं अण्णांनीच घालवली होती. एका मुलाच्या बापाला तोंडावर म्हणाले, तुमच्या चिरंजिवांचे संस्कृत उच्चार गावंढळ आहेत. दुसऱ्यांशी पत्रिकेवरून इतका वाद घातला की ते कोकमाचं सरबत अर्धं टाकून उठले. मग देवरूखचं स्थळ आलं. मुलगा शाळेत मास्तर. बघायला आला तेव्हा त्याने अक्काला विचारलं, "तुम्हाला काय वाचायला आवडतं?" आणि ती गप्प राहिली तर घाईने दुसरा प्रश्न न विचारता उत्तराची वाट पाहत बसला. अक्काने मग उत्तर दिलं. पुष्कळ वेळ दिलं.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर कपडे धुताना ती मला म्हणाली, "मला हेच स्थळ हवं गो. दुसरं काही नको. अण्णांनी तेवढं मोडू नये." तिने कधी काही मागितलेलं मी पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, "नाही मोडणार." माझ्या म्हणण्याला कोण विचारतंय! पण ठरलं खरं, वैशाखातला मुहूर्त निघाला. आणि अण्णांनी तेव्हाच सांगून टाकलं की जावयाला मधुपर्क देईन तो आपल्या घरच्या मधाचा.

मधुपर्क म्हणजे नवरा मुलगा मांडवात आला की सासऱ्याने त्याचे पाय धुवायचे आणि दही, तूप, मध एकत्र करून त्याला चाटायला द्यायचं. आई म्हणाली, "गूळ घालू या ना. शेवटी तो आपला जावई." अण्णा ऐकतात होय! उलट त्यांनी त्या साली केलेली बाटली उजेडात धरली आणि म्हणाले, "हा जास्त घट्ट झालाय. काकवी वाटते. मध कसा धारेने पडला पाहिजे." असं म्हणून बाटलीत वरून बोंडूचा कच्चा रस ओतला, बूच ठोकलं, त्यावर लाख लावली आणि बाटली चुलीमागच्या फळीवर ठेवली, उबेला.

आई कळवळून म्हणाली, "अहो, कच्चा रस घातलात. तो आंबेल!"

"आंबायला ते काय आंबोळीचं पीठ आहे?" अण्णा म्हणाले.

आता काजूचा रस आंबला की त्याचं काय होतं, हे रत्नागिरीत शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. डोंगरापलीकडे भट्ट्या लागायच्या, वाऱ्यावर वास यायचा. फक्त आमच्या वकीलसाहेबांना ते ठाऊक नव्हतं. किंवा होतं आणि आपला रस तसलं काही करणार नाही अशी त्यांची खात्री होती. मला हे दुसरंच खरं वाटतं.

लग्नाचा दिवस उजाडला. देवरूखची मंडळी बैलगाड्यांनी आली होती. आत अक्का गौरीहरापुढे हातात तांदूळ घेऊन बसली होती आणि मी तिच्या मागे दारात उभी, मला मांडव दिसत होता. मुहूर्ताची वेळ मोजणारं घटिकापात्र पाण्यात तरंगत होतं. आईने पाणी घातलं, अण्णांनी मुलाचे पाय धुतले आणि बाटली हातात घेतली. लाख फोडली. बूच त्यांनी काढलं नाही, ते आपणच उडालं! फटाक् करून भटजींच्या कानावरून गेलं आणि बाटलीतून फेस उसळून अण्णांच्या सोवळ्यावर, चौरंगावर, मुलाच्या नुकत्याच धुतलेल्या पायांवर सांडला. आणि वास! अख्ख्या मांडवाला कळलं तो कसला वास आहे. मागच्या रांगेत कुणीतरी खोकल्यासारखं हसलं.

दुसरा कुणी असता तर थांबला असता. अण्णांनी उरलेला मध वाटीत ओतला. दही लगेच फाटलं, तुपाच्या गुठळ्या वर आल्या आणि सगळ्याला बारीक बुडबुडे सुटले. ते त्यांनी मुलाच्या तळहातावर घातलं. "घ्या. अमृत आहे." मुलाने चाटलं. बिचाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं, पण गिळलं त्याने.

मुलाच्या वडिलांनी त्याचा हात धरून नाकाशी नेला. "वकीलसाहेब, ही दारू आहे."

"हा मध आहे," अण्णा म्हणाले. "शुद्ध, सात्त्विक. यात एका माशीचाही जीव गेलेला नाही."

शेजारच्या पाटावर आई होती. ती हसली. मोठ्याने नाही, पण हसली, आणि अण्णांनी ते ऐकलं.

व्याही माणूस भला होता, म्हणून सांगते. त्याने आवाज चढवला नाही. "मध असेल. आमचं काही म्हणणं नाही. ती वाटी तेवढी बाजूला ठेवा, दही-गूळ घ्या आणि पुढे चला. वेळ जातोय."

इतकं सोपं होतं! एक वाटी बाजूला ठेवायची होती. अण्णांनी ती दोन्ही हातांत धरली. "मधुपर्क होईल तर याच मधाने. नाहीतर मी कन्यादान करणार नाही."

पुढच्या रांगेतले देवरूखचे दोघे जण उपरणी सावरून उठू लागले. मी मागे वळून पाहिलं. अक्काने ऐकलं होतं. तिने गौरीहरावर टाकायचे तांदूळ मुठीत घट्ट धरले होते आणि ती माझ्याकडे बघत होती. मला आयुष्यात तेवढी कुणाची चीड आली नसेल जेवढी त्या क्षणी माझ्या वडिलांची आली. तो फेसाळलेला हात, ते ओलं सोवळं, ती वर केलेली मान. शी! आपल्या जन्मदात्याची किळस येणं काय असतं ते कुणाला सांगू?

आई पाटावरून उठली. चार पुरुषांत कधी शब्द न बोललेली बाई, तिने कोपऱ्यात उभ्या असलेल्या आमच्या काकांकडे पाहिलं. काका मुंबईला नोकरीला असत, लग्नासाठी बोटीने आले होते, काकूही होती. आई म्हणाली, "भावोजी, तुम्ही दोघं पाटावर बसा. कन्यादान तुम्ही करा."

काकांच्या तोंडचं पाणी पळालं. "वहिनी, अहो, दादा असताना मी कसं…"

"ते करणार नाही म्हणाले. सगळ्यांनी ऐकलं."

"आणि तू?" अण्णांनी विचारलं. त्यांचा आवाज पहिल्यांदा खाली आला होता.

"मला एकटीला पाटावर बसता येतं का? तुम्ही उठलात म्हणजे मीही उठलेच." असं म्हणून ती बाजूच्या खांबाशी जाऊन उभी राहिली. स्वतःच्या थोरल्या लेकीचं कन्यादान तिने खांबाला टेकून पाहिलं. डोळे पुसलेसुद्धा नाहीत. पात्र बुडायच्या आत काकूने दही-गूळ कालवला, मंगलाष्टकं झाली, अक्काचं लग्न लागलं. अण्णा वाटी घेऊन ओटीवर जाऊन बसले ते पाठ करून.

पाठवणीला गाड्या जुंपल्या. अक्का सगळ्यांच्या पाया पडली, आईच्या गळ्यात पडून रडली, आणि मग ओटीवर गेली. मला वाटलं अण्णा तोंड फिरवतील. पण ते उठले, आत गेले आणि मधाची दुसरी बाटली घेऊन आले, जुनी, न आंबलेली. ती तिच्यापुढे धरली. "घेऊन जा. तिकडच्यांना चाखव, म्हणजे कळेल त्यांना."

अक्का वाकून पाया पडली. बाटलीला हात लावला नाही. "नको, अण्णा."

"का?"

"मला तो कधीच आवडला नाही. मला ओकारी येते. आईलाही येते, हिलाही येते." हिला म्हणजे मला. "गावात कुणाच्याच घशाखाली उतरत नाही तो."

अण्णांनी आईकडे पाहिलं. मग माझ्याकडे. बाटली त्यांच्या हातात तशीच पुढे धरलेली होती.

"मग इतकी वर्षं मला कुणी बोललं का नाही?"

माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला! बोललं का नाही म्हणे! पण मी काही म्हणायच्या आत अक्का बोलली, आणि रागाने नाही, अगदी शांतपणे, बघायला आलेल्या मास्तरांनी उत्तराची वाट पाहिली तेव्हा बोलली होती तशी.

"तुम्ही विचारलंत कुठे, अण्णा? तुम्ही वाढत गेलात."

आणि ती जाऊन गाडीत बसली.